घरातल्या घरात फुलांचे प्रचि (प्रकाशचित्रं): टेबललॅम्प, ट्रेसिंग पेपर आणि पुठ्ठे

कवडसा:

बाहेर जरासा वारा असला की फुलांचे क्लोजअप काढणं म्हणजे नुसती वाट बघणं असतं. देठ डोलतो, फोकस सुटतो, आणि वारा पडेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. म्हणून गेले काही महिने मी फुलं घरात आणून फोटो काढते आहे. स्टुडिओचे दिवे वगैरे काही नाहीत. अभ्यासाचा टेबललॅम्प, एक खिडकी, ट्रेसिंग पेपर, खोक्यांचे पुठ्ठे आणि कपडे वाळत घालायचे चिमटे, एवढ्यावर भागतंय. जे हाती लागलं ते इथे लिहिते. चुकत असेल तिथे सांगा आणि तुमच्या युक्त्याही येऊ द्या.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो काळ्या पार्श्वभूमीपायी. तगरीचं एक फूल आणि मागे काळं सुती कापड असा साधा बेत होता. फोटोत ते कापड काळं म्हणून येईचना. राखाडी यायचं, विणीतला धागा न धागा दिसायचा, चिकटलेली लव चमकायची. आणि तगर म्हणजे नुसता पांढरा डाग. तिच्या पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एकाच बाजूला मुरडलेल्या असतात, नळीच्या तोंडाशी किंचित पिवळसर झाक असते. डोळ्यांना स्पष्ट दिसणारं हे सगळं फोटोतून गायब. मी आपली आणखी गडद कापडं शोधत राहिले.

खरी गोम नंतर कळली. कापड फुलाच्या मागे जेमतेम चार बोटांवर होतं, त्यामुळे फुलावर जेवढा उजेड पडत होता तेवढाच कापडावरही. शिवाय चौकटीत बहुतेक सगळं काळं दिसलं की कॅमेरा समजतो इथे अंधार आहे, आणि सगळंच उजळवून टाकतो. म्हणजे कापड राखाडी आणि तगर जळालेली.

मग एकदा टेबल ओढून खोलीच्या मधोमध आणलं. लॅम्प फुलाच्या बाजूला, ३० सेंटीमीटरवर. मागची भिंत लॅम्पपासून दीड मीटर. कापड काढूनच टाकलं. लॅम्प आणि भिंत यांच्यामध्ये खोक्याचा एक पुठ्ठा उभा केला, म्हणजे भिंतीकडे निघालेला उजेड तिथेच अडला. खोलीतले बाकी दिवे बंद, पडदे ओढलेले, एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड टिपतो ते) दीड-पावणेदोन स्टॉप उणे (एक स्टॉप उणे म्हणजे निम्मा उजेड). आमची ती फिकट पिवळी भिंत फोटोत काळीभोर आली! मी दोनदा मान वळवून भिंतीकडे बघितलं.

यामागचं गणित सोपं आहे. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. फूल ३० सेंटीमीटरवर आणि भिंत १५० वर, म्हणजे पाचपट अंतर आणि पंचविसावा हिस्सा उजेड. उरलेलं काम पुठ्ठ्याने केलं. तेव्हापासून मी दिवा लावण्याआधी हे ठरवते की उजेड कुठे जाऊ द्यायचा नाही.

आता ट्रेसिंग पेपरबद्दल. उघड्या लॅम्पची सावली सुरीसारखी पडते, म्हणून मध्ये कागद लावायचा हे माहीत होतं. पण मी तो लॅम्पच्या टोपीलाच चिकटवायचे, आणि सावली तशीच राहायची. प्रकाश किती मऊ पडणार हे फुलाच्या नजरेतून उजेडाचा ठिपका किती मोठा दिसतो त्यावर ठरतं. कागद फुलाच्या शक्य तितका जवळ आणा, अगदी चौकटीच्या कडेपर्यंत, आणि लॅम्प कागदापासून इतका मागे सरकवा की अख्खा कागद उजळेल. ए-३ आकाराचा कागद तगरीसारख्या छोट्या फुलाला खिडकीएवढा वाटतो. तारेचा गरम होणारा जुना बल्ब असेल तर मात्र कागद त्याच्या जवळपासही नको, पेट घेऊ शकतो. मी एलईडीच वापरते.

दिव्याच्या समोरच्या बाजूला पांढरा कागद ठेवला की सावली उजळते, हे सगळेच करतात. पांढऱ्या फुलाला मी उलट करून बघितलं. तिथे काळा पुठ्ठा लावला. पाकळीची त्या बाजूची कड गडद झाली आणि फुलाला एकदम गोलाई आली. हे एकदा करून बघाच.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. लाल जास्वंद. काहीही करा, पाकळ्यांवरच्या शिरा आणि ते मखमली पोत उमटत नाही, लाल रंगाचा सपाट लगदा दिसतो. कोणाला काही सुचतंय का?

---

अनवट:

मस्त धागा! वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे फक्त फोन आहे. त्यात हे 'उणे पावणेदोन' वगैरे कुठून आणायचं? आणि फोन फुलाजवळ नेला की त्याची सावलीच फुलावर पडते.

---

टिपकागद:

कवडसा, फार मन लावून लिहिलं आहे. एक छोटी दुरुस्ती सुचवतो. अंतर दुप्पट, उजेड चौथाई हा नियम लहान दिव्याला नीट लागू पडतो. खिडकी किंवा फुलाच्या अगदी जवळ धरलेला मोठा ट्रेसिंग पेपर असेल तर उजेड तितक्या झपाट्याने उतरत नाही. त्यामुळे खिडकीपाशी काळी पार्श्वभूमी हवी असेल तर नुसत्या अंतरावर विसंबू नका, पडदा ओढून खिडकीची एक फटच उघडी ठेवा.

आता जास्वंद. कॅमेऱ्यात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांची वेगवेगळी नोंद होते. लाल जास्वंदीने चौकट भरली की लाल नोंद काठोकाठ भरून सांडायला लागते, पण हिरवी आणि निळी जवळपास रिकामी असतात. तिन्हींचा मिळून एकच आलेख (हिस्टोग्रॅम, डावीकडे गडद, उजवीकडे उजळ) बघितला तर सगळं आलबेल वाटतं. म्हणून कॅमेऱ्यात तीन रंगांचे वेगळे हिस्टोग्रॅम दिसत असतील तर ते लावा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. बहुतेक वेळा आणखी एक स्टॉप खाली यावं लागतं. 'व्हिविड'सारखी भडक रंगांची सेटिंग्ज बंद ठेवा, आणि रॉ मध्ये (कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या फाइलमध्ये) काढा, म्हणजे नंतर लाल रंग अलगद सोडवता येतो. पिवळसर, २७०० केल्व्हिनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळसर) दिव्यात मुळातच लाल जास्त असतो, तिथे हे लवकर घडतं. शक्य असेल तर जास्वंदीला खिडकी द्या.

उजेडाची दिशाही बघा. समोरून पडला तर पोत दिसणारच नाही. पाकळीला जवळजवळ घासून जाईल असा बाजूने आणा, म्हणजे प्रत्येक शिरेला स्वतःची बारीक सावली मिळते.

दिवा घेताना त्याचा सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) बघा. कमाल १००, आणि फुलांसाठी ९०च्या वर असलेला बरा. यातही एक मेख आहे. तो आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवर निघतो, गडद लाल त्यात येतच नाही. त्याची नोंद आर-९ नावाने वेगळी असते. साध्या एलईडीत निळ्या प्रकाशावर फॉस्फरचा थर चढवून पांढरा उजेड करतात आणि गडद लाल कमी पडतो. म्हणून एखाद्या दिव्याखाली लाल फूल विटकं दिसलं तर दोष दिव्याचा असू शकतो.

---

कवडसा:

टिपकागद, तिन्ही रंगांचे आलेख मी कधी उघडून बघितलेच नव्हते. उद्याच बघते.

अनवट, फोनवर मी सुरुवातीला बरेच दिवस काढलेत, त्यामुळे तिथलं सांगू शकते. फूल असलेल्या जागी बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होईल. मग बोट खाली सरकवलं की चित्र गडद होत जातं. तेच आपलं 'उणे'. पाकळीवर पांढरे चट्टे दिसायचे थांबले की बस. सावली पडू नये म्हणून जवळ जाऊच नका. दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती लावून मागून काढा, नसेल तर लांबून काढून नंतर कातरा. पोर्ट्रेट मोड फुलांना नको. जास्वंदीच्या दांड्याच्या टोकाला पाच लाल गुंड्या असतात ना, माझ्या फोनने त्यातल्या दोन पार्श्वभूमी समजून धूसर करून टाकल्या होत्या. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा, आणि पंखा बंद.

---

रानजाई:

माझा मुद्दा फुलाच्या तब्येतीचा. प्रकाशयोजना करण्यात तासभर जातो आणि तोवर फूल मान टाकतं. फूल पहाटे किंवा सकाळी लवकर खुडावं, देठ तिरपा कापून लगेच पाण्यात ठेवावा आणि तासभर अंधाऱ्या, गार जागी राहू द्यावा. सगळी मांडणी आधी दुसऱ्याच एखाद्या फुलावर करून घ्या. दिवा, पुठ्ठे, फोकस, सगळं जागच्या जागी बसलं की मग चांगलं फूल आणा. जास्वंदीचं बरं असतं, ती पाण्याबाहेरही दिवसभर टवटवीत राहते. सोनचाफ्याला मात्र बोट लावू नका. पाकळी जिथे दाबली जाते तिथे थोड्या वेळाने तपकिरी डाग उमटतो, आणि क्लोजअपमध्ये आधी तोच दिसतो. मी देठाला चिमट्याने धरते.

फूल उभं करायला लहान तोंडाची बाटली आणि तोंडाशी मळलेल्या मातीचा गोळा. माती असली की फूल हवं तसं कलतं करता येतं.

पार्श्वभूमी नेहमी काळीच का? मला हिरवट धुरकट आवडते. बागेतल्या पानांचा मुद्दाम फोकस घालवून फोटो काढायचा, बिनचकाकीच्या कागदावर छापायचा आणि फुलामागे हातभर अंतरावर उभा करायचा. त्यावर उजेड वेगळा पडू द्यायचा, आणि दिशा फुलावरच्या उजेडाचीच ठेवायची. फुलावर डावीकडून आणि पानांवर उजवीकडून उजेड आला की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही.

तोच फोटो टॅबच्या पडद्यावर लावूनही चालतो. फक्त पडदा पुरेसा मागे हवा, नाहीतर त्याचे बारीक ठिपके आणि लहरी दिसतात.

---

निळीशाई:

दोन प्रश्न. एक, माझ्या फोटोंत आडवे फिके-गडद पट्टे येतात, तेही रात्री दिव्याखालीच. दोन, जांभळी फुलं निळी येतात. एका जांभळ्या ऑर्किडवर मी अख्खी संध्याकाळ घालवली, पण रंग काही जागेवर येईना.

---

टिपकागद:

पट्टे दिव्याच्या लुकलुकण्यामुळे येतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि प्रत्येक ओळीला वेगळा उजेड मिळतो. शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/१२० किंवा १/६०. ट्रायपॉड असेल तर सरळ अर्ध्या सेकंदावर जा, प्रश्नच मिटतो. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर ते बंद करून बघा.

जांभळ्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा मिश्र उजेड असतं. एकीकडून खिडकी, दुसरीकडून पिवळा दिवा. खिडकीचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिन किंवा त्याहून निळा, दिवा २७००. कॅमेऱ्याने एकाला पांढरं मानलं की दुसरा रंगीत होणारच. एकच उजेड ठेवा, फुलाच्या जागी करड्या रंगाचं कार्ड धरून एक फोटो घ्या आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरं कशाला मानायचं ती सेटिंग) बसवा. एवढं करूनही थोडा फरक राहील, कारण सेन्सरसमोरचे रंगांचे फिल्टर आपल्या डोळ्यांसारखे बघत नाहीत. रोलच्या काळातही हे होतं. अॅजेरेटमची निळी फुलं रंगीत फिल्मवर गुलाबीसर यायची. त्या पाकळ्या लाल रंगाच्या अगदी टोकाचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश बराच परावर्तित करतात आणि फिल्मला तो दिसायचा. तेव्हा उरलेला फरक फूल समोर ठेवून, स्क्रीनशी ताडून दुरुस्त करा. फूल सुकल्यावर आठवणीने करू नका, रंगाची आठवण दगा देते.

---

पाऊलवाट:

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण मला मनापासून एक वाटतं ते सांगतो. झाडावरचं फूल एकटं नसतं. त्याच्या मागे पान असतं, कळी असते, एखादी मुंगी असते. खुडून काळ्या पोकळीत उभं केलं की ते सुंदर दिसतं, पण कुठलं आहे ते कळत नाही. आणि पाण्याचे थेंब फवारून 'पहाटेचं दव' म्हणून टाकलेले फोटो बघितले की वाईट वाटतं.

---

रानजाई:

पाऊलवाट, थेंबांबद्दल पूर्ण सहमत. मी थेंब वापरते, पाण्यात निम्मं ग्लिसरीन घातलं की ते टपोरे राहतात आणि लवकर सुकत नाहीत. पण खाली तसं लिहिते. दव म्हणून खपवणं बरोबर नाही.

खुडण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. घरात आणलं म्हणूनच मला पहिल्यांदा कळलं की गोकर्णाच्या मोठ्या पाकळीच्या मागच्या बाजूला शिरांची केवढी बारीक जाळी असते. टॅबचा पडदा पूर्ण पांढरा केला, त्यावर आठ-दहा सेंटीमीटर उंचीवर काच ठेवली आणि काचेवर पाकळी. खालून उजेड आरपार आला. झाडावर हे मी किती वर्षं बघूनही बघितलं नव्हतं. आणि कुंडीतलं झाड असेल तर खुडायचीही गरज नाही, कुंडीच आत आणता येते.

---

पाऊलवाट:

कुंडी आत आणायची कल्पना आवडली. त्यात पान आणि कळीही राहील.

---

टिपकागद:

या वादाला जुना इतिहास आहे. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५-१९३२) यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. घरी बनवलेला कॅमेरा, मागे साधा पांढरा किंवा करडा पुठ्ठा, आणि पसरट सौम्य उजेड. कोंब, कळ्या, देठ ३० पटींपर्यंत मोठे करून दाखवले. त्यांना झाडाची जागा दाखवायची नव्हती, रचना दाखवायची होती, कारण ते कलाशाळेत शिकवायचे आणि विद्यार्थ्यांना आकार समजावेत ही धडपड होती. अमेरिकेत इमोजेन कनिंगहॅम १९२०च्या दशकात मुलं लहान म्हणून घरात अडकल्या होत्या, तेव्हा त्यांनी बागेतल्या फुलांचे अप्रतिम क्लोजअप काढले.

आणि जुगाडाचं माझं आवडतं उदाहरण फुलाचं नाही, ढोबळ्या मिरचीचं आहे. एडवर्ड वेस्टन यांनी १९३० साली एक मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. नरसाळ्याची आतली बाजू हीच पार्श्वभूमी आणि तोच परावर्तक, चहूबाजूंनी उजेड मिरचीच्या वळणांवर फिरतो. मी हे कण्हेरीच्या कळीवर करून बघितलं आहे. चकचकीत पत्र्यात आपलं आणि कॅमेऱ्याचं प्रतिबिंब येतं, म्हणून थोडा गंजलेला, मंद झालेला पत्रा जास्त चांगला.

---

अनवट:

करून बघितलं! भिंत काळी आली. पहिल्या प्रयत्नात राखाडी होती, मग कळलं की पुठ्ठा फार मागे ठेवलाय. तो लॅम्पच्या अगदी जवळ, पण चौकटीबाहेर आणला आणि भिंत गायब. फूल सदाफुलीचं. मधल्या छिद्राभोवतीचा गडद गुलाबी डोळा, त्याच्या कडेला किरणांसारख्या रेघा आहेत हे मला माहीतच नव्हतं. सावलीच्या बाजूला पांढरा कागद उभा केला, तो थोडा पुढे-मागे केला तरी चित्र बदलतं.

---

कवडसा:

अनवट, किती छान! त्या रेघा मलाही फोटोतच दिसल्या होत्या.

टिपकागद, जास्वंद जमली. लाल आलेख उजवीकडे आपटलेलाच होता. एक स्टॉप आणखी खाली, खिडकीची अर्धी फट, उजेड पाकळीला घासून. शिरा आल्या, आणि पाकळीच्या कडेची चुणीसुद्धा.

आता तातडीचा प्रश्न. ब्रह्मकमळाची कळी (आपलं कुंड्यांमधलं निवडुंगातलं, हिमालयातलं नव्हे) आज दुपारपासून वर उचलली गेली आहे आणि फुगली आहे. आज रात्री उमलणार. कुंडी आत घेऊ का? आणि पांढऱ्या, खोल फुलाला एका लॅम्पने उजेड कसा पुरवायचा?

---

रानजाई:

घे, पण संध्याकाळीच. कळी लागल्यावर आधीचे दिवस कुंडी इकडेतिकडे हलवली तर कळ्या गळू शकतात, उमलायच्या दिवशी भीती कमी. फूल कुठल्या बाजूला तोंड करतंय ते बघून ठेव आणि तीच बाजू खोलीच्या मोकळ्या भागाकडे कर.

---

टिपकागद:

उमलत असताना पाकळ्या हलतात, कधी झटक्याने. तेव्हा शटर एका सेकंदापेक्षा लांब नको. पूर्ण उमललं की टॉर्चने रंगवून बघा. खोलीत पूर्ण अंधार, ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान), शटर १५ सेकंद. टॉर्चच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर बांधा आणि फुलाभोवती, चौकटीच्या बाहेरून, सतत हलवत राहा. एका जागी थांबलात की तिथे चट्टा पडेल. थोडा वेळ मागूनही आणा, पाकळ्या आतून पेटल्यासारख्या दिसतील. टॉर्चचं तोंड कॅमेऱ्याकडे कधीच नको.

---

कवडसा:

झालं! साडेआठच्या सुमारास बाहेरच्या गुलाबीसर पट्ट्या सुटायला लागल्या. अकराला पूर्ण उमललं, खोलीभर वास. लॅम्पवर काढलेले फोटो बरे आहेत, पण टॉर्चचे वेगळेच आहेत. पहिले सात वाया गेले, कुठे चट्टा, कुठे अर्धं फूल अंधारात. आठव्यात मी सहा सेकंद बाजूने, चार मागून आणि शेवटचे पाच खालून वर असा हात फिरवला. आतल्या पुंकेसरांची प्रत्येक तार वेगळी दिसते, आणि त्यांच्यातून पुढे आलेला तो पांढरा, चांदणीसारखा स्त्रीकेसर. तीन प्रचि खाली जोडले आहेत. मागची खिडकी आणि कपाट दोन्ही काळ्यात विरघळली, कापड कुठेच नाही.

पाऊलवाट, तुमच्यासाठी एका फोटोत मुद्दाम पान आणि दुसरी कळी ठेवली आहे.

पहाटे फुलाने मान टाकली. ती दुसरी कळी अजून खालीच वाकलेली आहे, तीन-चार दिवस लागतील असं वाटतं. तिच्यासाठी पत्र्याचं नरसाळं मिळतं का बघते, लांब नळीवरचा गुलाबी रंग या वेळी अंधारातच राहिला.